धोक्याची बंदिश

एका जंगलात एक इशारा खातं होतं. हसू नका, मुलांनो. जंगलातही खाती असतात. खाती नसती तर नुसत्या झाडांना जंगल कोण म्हणालं असतं?

या खात्याचं काम एवढंच, की बिबट्या आला की ओरडायचं. पण ओरडण्यालाही एक पद्धत होती. सावरीच्या उंच झाडाच्या अगदी टोकाला शेंडेकाका बसायचे. ते वानर होते. बिबट्याची शेपटी दिसली की ते "खॅक!" करायचे. ते ऐकून खाली ठिपसेबाई पाय आपटायच्या आणि शीळ घालायच्या. त्या चितळ होत्या. आणि त्यांच्या मागोमाग बुजी भुंकायची.

बुजी ही भेकराची पोर. भेकर म्हणजे लहानसं हरीण, पण आवाज कुत्र्याचा. बुजी जन्मल्यापासून दचकत आली होती. पान पडलं की दचकायची. पान पडलं नाही, तर अजून कसं पडलं नाही म्हणून दचकायची. माणसांत असती तर आईबापांनी तिला चार डॉक्टरांकडे फिरवलं असतं. जंगलात तिला नोकरी लागली.

तिचं "भॉक!" साऱ्या रानाला ठाऊक होतं. त्यात सूर नव्हता, गोडवा नव्हता. नुसती घाई होती. ते कानावर पडलं की तोंडातला घास तोंडात ठेवून सगळे पळायचे आणि मग नाल्यापलीकडे गेल्यावर चावायचे.

बुजीला एक आई होती. आईचा मागचा उजवा पाय अधू होता. कुरणातून उठून, नाला ओलांडून, करवंदीच्या जाळीत शिरायला तिला चाळीस श्वास लागायचे. बुजीने कितीदा तरी मोजले होते. आणि शेंडेकाकांच्या "खॅक"पासून बिबट्या कुरणात पोहोचेपर्यंत मिळायचे जेमतेम अडतीस. गेल्या खेपेला बिबट्याच्या पंजात आईच्या शेपटीचे केस राहिले होते.

"दोनच श्वास गं, बुजे," आई म्हणाली होती. "दोन श्वासांनी कुणी मरतं का?"

बुजीला उत्तर माहीत होतं. म्हणून तर ती झोपतसुद्धा उभ्यानेच होती.

आता या खात्याचे प्रमुख कोण, ते सांगायला हवं. प्रमुख होते शृंगारेसाहेब. सांबर. भरदार मान आणि डोक्यावर ही एवढी मोठी, फाटे फुटलेली शिंगं. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, हे तुम्हांला शाळेत शिकवलं असेल. इतर सांबरांचीही गळतात. पण त्यांना त्यात काही विशेष दिसलं नव्हतं. शृंगारेसाहेबांना दिसलं.

"मी दरवर्षी जुनं टाकून देतो," ते म्हणायचे. "डोक्यातून नवं उगवतं. आणि नुसतं उगवत नाही. त्याला फाटे फुटतात."

तरुणपणी एकदा साहेब दरीच्या काठावर उभे राहून "ढँक!" असं ओरडले होते. समोरच्या कड्यावरून तीनदा "ढँक" परत आलं. त्या दिवशी साहेबांना कळलं, की आपल्याला दाद मिळते. तेव्हापासून ते स्वतःला प्रमुख म्हणवून घेत नसत. "मी मुळात रचनाकार," ते म्हणत. "खातं हे माझं वाद्य आहे."

वाद्याला कुणी विचारलं नव्हतं. वाद्याला विचारत नाहीत.

तर एका सकाळी काय झालं, शेजारच्या जंगलातून एक सुतारपक्षी आला. हुशार कारागीर. त्याने चोचीत एक वेल आणली होती आणि पाठोपाठ दोन खारींकडून एक पोकळ बांबू ओढून आणवला होता.

"हे यंत्र," तो म्हणाला. "टेकडीच्या पायथ्याशी, पायवाटांवर, ही वेल गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणून बांधायची. खूरवाले वेल बघून ओलांडून जातात. पंजेवाले खालून सरपटतात. पाठ घासली की वेल ओढली जाते, आणि वरचा बांबू ओंडक्यावर आपटतो. बघा."

त्याने वेल ओढली.

टॉक!

बुजी तीन हात उडाली. खाली येते तोवर ती हसत होती. इतकं चांगलं दचकायला तिला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं.

"किती आधी कळतं?" तिने विचारलं.

"बिबट्या पार त्या टेकडीच्या पायथ्याशी असतानाच. साठ श्वास मिळतात."

साठ! बुजीने मनातल्या मनात आईला कुरणातून उठवलं, नाल्यातून चालवलं, मध्ये दोन घोट पाणी पाजलं, जाळीत नेऊन बसवलं. तरी आठ-दहा श्वास उरले.

शेंडेकाकाही खूश झाले. "बरं झालं बुवा. हल्ली मला टेकडीवरचा दगडसुद्धा बिबट्या दिसतो. परवा दगडालाच खॅक केलं."

"आणि माझ्या गुडघ्यांना जरा आराम," ठिपसेबाई म्हणाल्या. "पाय आपटून आपटून वाट लागली. कधी बांधताय, मिस्त्री?"

"आज दुपारपर्यंत सगळ्या वाटांवर होईल," सुतारपक्षी म्हणाला. "शेजारच्या जंगलात तीन उन्हाळे चाललंय. एकही हरीण गेलेलं नाही."

मुलांनो, तुम्हांला वाटेल, इथेच गोष्ट संपली. नवं यंत्र आलं, जुनी माणसं राजी झाली, सगळे सुखाने चरू लागले. तुम्ही लहान आहात. तुम्ही अजून कुठे नोकरी केलेली नाही.

शृंगारेसाहेब पुढे आले. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. मग उलट्या बाजूने दुसरी मारली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण यात मी कुठे आहे?"

सुतारपक्ष्याने यंत्राकडे पाहिलं. "तुम्ही कुठे असायला हवेत, साहेब?"

"टॉक! हे काय आहे? हा आशय झाला. अभिव्यक्ती कुठे आहे? शेजारच्यांनी वाजवलं तेच आपण वाजवायचं? आपण काय नकला करणारं खातं आहोत?"

"साहेब, बिबट्या दोन्हीकडे तोच येतो," बुजी हळूच म्हणाली.

"तेच तर आपलं दुर्दैव," साहेब म्हणाले. "बिबट्यालाही तोचतोचपणाची सवय आपणच लावली."

आणि ते चिंतनासाठी बांबूच्या बेटात निघून गेले.

तीन दिवस ते आत होते. तीन दिवस यंत्र वेलीने गुंडाळून तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी बिबट्या आला. शेंडेकाकांनी खॅक केलं, बाईंनी पाय आपटले, बुजी भुंकली, आणि एक ससा गेला. ससा खात्याच्या हद्दीत बसत नसे, त्यामुळे चिंतनात व्यत्यय आला नाही.

चौथ्या दिवशी साहेब बाहेर आले. डोळे तांबरलेले, शिंगांत बांबूची पानं अडकलेली. सगळ्यांना बोलावणं गेलं.

"मी हे यंत्र स्वीकारतो आहे," साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. सर्वांत आधी बुजीने वाजवल्या. "काही प्रमुख नवं आलं की घाबरतात. मी त्यातला नाही. मी नव्याच्याही पुढे जातो. एका बांबूऐवजी आपण सात बांबू लावू. लहानमोठे, स्वरात लावलेले. वेल ओढली गेली, की आधी आलाप सुरू होईल. मग विस्तार. मग धोक्याची बंदिश. आणि मग सम."

सम म्हणजे काय, ते माहीत आहे ना? गाणं फिरत फिरत ज्या ठिकाणी येऊन टेकतं आणि सगळ्या माना एकदम खाली येतात, ती जागा.

"यातून धोका नुसता कळणार नाही," साहेब म्हणाले, "तो उलगडेल."

"किती वेळात उलगडेल, साहेब?" बुजीने विचारलं.

"चांगली गोष्ट घाईत उलगडत नाही."

सुतारपक्ष्याने मनातल्या मनात हिशेब केला. "समेपर्यंत सत्तर श्वास जातील."

"पण बिबट्या साठात येतो!" बुजी म्हणाली.

"मग तो समेच्या आधी येईल," साहेब समजुतीने म्हणाले. "उशिरा येणाऱ्या आणि लवकर येणाऱ्या, दोघांनाही रसिक म्हणत नाहीत."

"आम्ही आलाप सुरू झाल्या झाल्या पळालो तर चालेल ना?" ठिपसेबाईंनी विचारलं.

साहेबांचा चेहरा असा झाला, की बाईंना वाटलं आपण त्यांच्या खुरावर पाय दिला.

"बाई," ते म्हणाले, "मैफल चालू असताना उठून जायचं? आपल्या जंगलात? सम आल्याशिवाय कुणीही जागचं हलणार नाही. हा नियम म्हणून मी सांगत नाही. ही संस्कृती आहे."

नियम असता तर कुणीतरी मोडला असता. संस्कृती म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याला गाण्यातलं कळत नाही असं इतरांना वाटलेलं कुणाला आवडतं?

"मोकळेपणाने बोला," साहेब म्हणाले. "मला प्रत्येकाचं मत हवं आहे."

हे वाक्य ऐकून जुनी मंडळी जमिनीकडे पाहू लागतात. बुजी नवी होती. तिने मत दिलं.

"साहेब, सात बांबू ठेवा. आलापही ठेवा. फक्त सर्वांत आधी एक टॉक असू द्या. मोठ्याने. म्हणजे ज्यांचे पाय अधू आहेत, त्यांना आधी उठता येईल."

"वा!" साहेब म्हणाले. "बुजीने फार मोलाचा मुद्दा मांडला आहे. श्रोते पहिल्या ठोक्याची वाट पाहणार. म्हणूनच तो पहिला ठोका आपण गाळू या! सुरुवात शांततेने होईल. पहिले दहा श्वास काहीच वाजणार नाही. हे श्रेय मी बुजीला देतो."

पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी बुजीने वाजवल्या नाहीत. ती मोजत होती.

सुतारपक्ष्याने एकदा तोंड उघडून पाहिलं. "साहेब, यंत्र तुम्ही म्हणता तसं वाजेल. पण ते पळण्यासाठी..."

"तुम्ही कारागीर आहात," साहेब म्हणाले. त्यात अपमान काहीच नव्हता, आणि तरीही सुतारपक्षी सात बांबू लावून त्याच संध्याकाळी निघून गेला. जाताना बुजीला एवढंच म्हणाला, "आईला नाल्याजवळ चरायला ने."

बुजीने आईला सांगून पाहिलं.

"नाल्याजवळ नुसते गोटे आहेत," आई म्हणाली. "गोटे खाऊ?"

"आई, सत्तर श्वास थांबायचंय गं. तुला त्याच्या आधीच..."

"तुझ्या साहेबांना सांग, माझा पाय बेसूर आहे. तो तालात चालत नाही."

"तू गंमत करू नकोस."

"मग काय करू? दचकू? ते काम तुला दिलंय."

पण ते कामही आता बुजीकडे राहिलं नव्हतं. खात्यात प्रशिक्षण सुरू झालं होतं. शेंडेकाकांना निवेदक केलं. बंदिश कोणत्या प्रसंगावर आहे, ते त्यांनी झाडावरून गंभीर आवाजात सांगायचं. ठिपसेबाईंनी पाय आपटायचे, पण तालाला धरून. आणि बुजीने दाद द्यायची.

"तुझ्यात मूळची उत्स्फूर्तता आहे," साहेब तिला म्हणाले. "पण ती कच्ची आहे. तू दरवेळी तेच भॉक करतेस. कालचं भॉक, आजचं भॉक. यात वाढ कुठे आहे? यापुढे पोटातून भॉक आलं, की ते गिळायचं आणि त्याचा 'वा' करायचा. म्हण बघू."

"भॉ..."

"गिळ."

"...वा."

"सुंदर. अजून थोडी भीती कमी."

भीती कमी करून दाखवायला बुजीला आठ दिवस लागले. आठव्या दिवशी तिच्या पाठीवर आंब्याची कोय पडली आणि ती "वा" म्हणाली. साहेबांनी ते सर्वांना बोलावून दाखवलं.

ज्यांना हे सगळं जमत नव्हतं, त्यांच्या नावापुढे "बदलाला विरोध" असा शेरा पडू लागला. यात गंमत अशी, मुलांनो, की बदल सगळ्यांना हवा होता. यंत्र बघून नाचले होते सगळे. विरोध फक्त बिबट्याने खाल्लं जाण्याला होता. पण त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

ठिपसेबाई एकदा पाणवठ्यावर बुजीला म्हणाल्या, "अगं बुजे, मला तर बाई आता ते आवडायला लागलंय. सरावात चौथ्या बांबूवर ना, अंगावर काटा येतो."

"बाई, अंगावर काटा बिबट्यामुळे यायला हवा."

"तू फारच रुक्ष बोलतेस हं," बाई म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू? काही कळत नाही गं मला. पण सगळे डोलतात, तर मीच काय ठोंब्यासारखी उभी राहू?"

आणि दोघी खूप दिवसांनी पोटभर हसल्या.

मग उद्‌घाटनाचा दिवस आला. दुपारचं ऊन कलत होतं. कुरणात सगळं जंगल जमलं. खात्यातल्यांनी घरच्यांसकट यायचं होतं, त्यामुळे बुजीची आईसुद्धा लंगडत आली आणि सर्वांत मागे, टेकडीच्या बाजूला बसली. पुढच्या जागा मान्यवरांच्या होत्या. ठिपसेबाई खास कानांत पळसाची फुलं खोवून पहिल्या रांगेत होत्या.

साहेब दगडावर चढले. समोर वेलीचं टोक होतं. भाषण झाल्यावर ते साहेब स्वतः ओढणार आणि पहिली बंदिश वाजणार, असं ठरलं होतं.

"मित्रहो," साहेब म्हणाले, "लोक विचारतात, प्रमुखाने काय करावं? मी विचारतो, नदी काय करते?"

यावर सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या, कारण नदीने काय करावं हे कुणाच्याच हातात नव्हतं. साहेब नदीवरून ढगावर गेले, ढगावरून स्वतःच्या बालपणावर. आणि तेवढ्यात वरचा सर्वांत लहान बांबू हलला.

नुसता हलला. वाजला नाही. पहिले दहा श्वास शांततेचे होते ना.

बुजीने बांबूकडे पाहिलं. मग वेलीच्या टोकाकडे पाहिलं. टोक साहेबांसमोर तसंच पडलेलं होतं. साहेबांचे चारही पाय दगडावर होते.

मग वेल कुणी ओढली?

तिच्या पोटातून भॉक निघालं आणि गळ्यापर्यंत आलं. आठ दिवसांच्या सवयीने तिने ते गिळलं.

"वा," ती म्हणाली.

आलाप सुरू झाला.

साहेब दचकले. पण ते टेकडीकडे बघून दचकले नाहीत. ते यंत्राकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "पाहा!" ते ओरडले. "मी न ओढता! यंत्रालाच स्फुरण चढलं!"

टाळ्या कडाडल्या. शेंडेकाका वरून निवेदन करू लागले, "रसिकहो, आजची बंदिश आहे दक्षिणेकडून येणाऱ्या संकटावर. संकटाची चाल सावध आहे. अंगावर गोल गोल..." इथे काका क्षणभर थांबले, डोळे चोळले, आणि हातातल्या कामाचं भान ठेवून पुढे म्हणाले, "...गोल गोल ठिपक्यांची सुरेख नक्षी आहे."

वीस श्वास झाले. बुजीने मागे पाहिलं. आई टेकडीकडे पाठ करून गवताची काडी चघळत बसली होती. तिच्यामागच्या उंच गवतात वारा नसताना एक रेघ पुढे सरकत होती.

पंचवीस श्वास. चौथा बांबू वाजू लागला होता. सगळ्या माना डोलत होत्या. शेजारचा काळवीट डोळे मिटून बसला होता.

साठातून पंचवीस गेले तर राहतात पस्तीस. आईला लागतात चाळीस. मुलांनो, गणित बुजीला फार येत नव्हतं. पण हे एक गणित तिने जन्मभर केलं होतं.

भॉक पुन्हा वर आलं. तिने ते गिळायचा प्रयत्न केला. ते गिळलं जाईना.

"भॉक!"

बंदिशीत मोठं भोक पडलं.

"शूऽऽ!" पहिल्या रांगेतून आलं. साहेबांनी डोळे मिटून, फार दुखलं असावं तसा, कपाळाला खूर लावला. काळविटाने एक डोळा उघडून बुजीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"भॉक! भॉक! भॉक!"

"अगं, बुजे, समेपर्यंत तरी थांब!" ठिपसेबाई मान वळवून कळकळीने कुजबुजल्या. बुजीची नोकरी जाईल, याची त्यांना खरोखर काळजी वाटत होती.

बुजीला त्यांना सांगायचं होतं, बाई, पळा. पण घाबरलेल्या भेकराला एकच शब्द येतो. तो तिने आणखी सहा वेळा सांगितला.

साऱ्या कुरणात एकच हरणी उठली. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे लपवायची तिला गरजही नव्हती. लेकीचं भॉक ऐकलं आणि तोंडातल्या काडीसकट आई नाल्याच्या दिशेने सुटली. तीन पायांनी धावत आणि चौथ्याला शिव्या देत. बुजी तिच्यामागे धावली. आपल्या डोक्याने तिला ढकलत, गोट्यांवरून, पाण्यातून.

मागे बंदिश रंगली होती. गवतातली रेघ आईच्या जागेपर्यंत आली. जागा रिकामी बघून थबकली. मग पुढच्या रांगेकडे वळली.

बिबट्याला घाई नव्हती. इतकी हरणं, इतकी जवळ, इतकी शांत बसलेली त्याने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. तो खाली बसला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. त्या सबंध कुरणात खरा रसिक तोच होता, कारण तो बरोबर समेवर आला.

सगळ्या माना एकदम खाली गेल्या. वर आल्या तेव्हा पहिल्या रांगेत पळसाची दोन फुलं होती आणि ठिपसेबाई नव्हत्या.

शोकसभा फार चांगली झाली. शृंगारेसाहेब स्वतः बोलले. बाईंनी शेवटच्या क्षणापर्यंत ताल सोडला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाईंच्या स्मरणार्थ त्यांनी आठवा बांबू लावायचं जाहीर केलं. त्यामुळे सम आणखी बारा श्वास पुढे गेली.

मग त्यांनी बुजीला बोलावून घेतलं.

"मी रागावलेलो नाही," साहेब म्हणाले. "मी रागावत नाही. मी दुखावतो."

"साहेब, बाई गेल्या," बुजी म्हणाली.

"हो. आणि तरी रचना पूर्ण झाली. फक्त मध्ये ते तुझं... किती वेळा केलंस?"

"दहा."

"दहा वेळा तेच! एकदा तरी वेगळं करायचंस."

"साहेब, माझी आई वाचली त्याने."

"एका उदाहरणावरून धोरण ठरत नाही, बुजी."

बुजीने मोठा श्वास घेतला. "साहेब, एकच मागते. सात बांबू असू द्या, आठ असू द्या, शंभर लावा. टेकडीकडच्या वाटेवर फक्त एक साधा बांबू. एक टॉक. माझ्या खर्चाने, माझ्या हाताने बांधते."

साहेबांनी तिच्याकडे फार करुणेने पाहिलं. "पहिल्या दिवसापासून तू हेच मागते आहेस. तुला दुसरं काही सुचत कसं नाही?"

त्यांनी तिची बदली दादेच्या कामावरून 'कुठेच नाही' या जागी केली.

बुजी आईला घेऊन शेजारच्या जंगलाकडे निघाली. सावरीखाली थांबून तिने वर हाक मारली, "काका, चला ना. तिथे नुसती वेल ताणलेली असते. डोळ्यांचं काम नाही."

शेंडेकाका खाली वाकले. "नाही गं, पोरी. तू जा." मग जरा लाजून म्हणाले, "मला ते निवेदन जमायला लागलंय."

शेजारच्या जंगलात इशारा खात्याचे प्रमुख होते गवारेतात्या. गवा. एवढा थोरला देह आणि चेहऱ्यावर एकही विचार नाही. बुजी आईला घेऊन भेटायला गेली तेव्हा ते रवंथ करत होते. तिने नमस्कार केला. त्यांनी रवंथ केला.

"तात्या," बुजी म्हणाली, "सुतारपक्ष्याने यंत्र दिलं, त्यात तुम्ही काय काय बदल केलेत?"

"बदल?" तात्यांनी घास एका गालातून दुसऱ्या गालात नेला. त्याला बराच वेळ लागला. "करायला हवे होते का?"

"तसं नाही. पण प्रमुख म्हणून तुमचं स्वतःचं काही..."

तात्यांनी मान खाली घातली. हा प्रश्न त्यांना आधीही कुणीतरी विचारलेला असावा. इतर जंगलांच्या प्रमुखांच्या बैठकीत बहुधा. तिथे ते नेहमी मागे बसत.

"मला काही सुचलंच नाही," ते ओशाळून म्हणाले. "मग राहिलं ते तसंच."

टॉक!

बुजी तीन हात उडाली. खाली आल्यावर तिने घाबरून मागे वळून पाहिलं. आई तिथे नव्हती. बुजी शोधत तिथल्या नाल्यापर्यंत गेली, तोवर आई पलीकडे जाळीत बसली होती आणि इथलं गवत आपल्याकडच्यापेक्षा खरखरीत आहे, अशी शेजारणीजवळ कुरकुर करत होती.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी तुम्ही प्रमुख झालात, तर कल्पक व्हा. ज्या जंगलाच्या प्रमुखाला काही सुचत नाही, तिथली हरणं म्हातारी होऊन मरतात, आणि त्यांच्यावर कुणी एक बंदिशसुद्धा रचत नाही.